खोकला, कबुतरे आणि गच्चीवरचे दाणे



तीन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला असलेला पेशंट समोर बसला की माझे काही प्रश्न ठरलेले असतात. ताप येतो का? वजन उतरले का? विडी, सिगारेट, मिश्री? घरात कोणाला क्षय झाला होता का? आणि मग शेवटचा प्रश्न, "तुमच्या खिडकीत कबुतरे बसतात का?"

या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. काहींना वाटते डॉक्टरीणबाई आता घरगुती गप्पा मारायला लागल्या. सोबत आलेली सून किंवा मुलगा मात्र पटकन सांगतो, "बसतात म्हणजे काय, एसीच्या मागे संसारच आहे त्यांचा!" डोंबिवलीत पंचवीसहून जास्त वर्षे प्रॅक्टिस करताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे, की या विषयावर सविस्तर लिहायलाच हवे असे वाटले.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगते. खिडकीत कबूतर बसले म्हणजे आजार झाला, असे मुळीच नाही. घाबरून जाऊ नका. पण वर्षानुवर्षे विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून आत जात राहिली, तर काही जणांच्या फुप्फुसांचे कायमचे नुकसान होते, हेही तितकेच खरे आहे. आणि हे नुकसान टाळता येते.

पारवा शहरात एवढा का रमला?

ज्याला आपण कबूतर म्हणतो तो मूळचा पारवा. डोंगरांचे कडे, किल्ल्यांच्या भिंती, जुन्या विहिरींच्या कपारी ही त्याची खरी घरे. गावाकडच्या खोल विहिरीत डोकावले की पंख फडफडवत बाहेर येणारे पारवे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्याला झाडाच्या फांदीपेक्षा सपाट, आडोशाची जागा आवडते. आता आपली बारा मजली इमारत त्याच्या नजरेने पाहा. ती म्हणजे एक कडाच आहे. खिडकीवरचा छज्जा, डक्ट, ड्राय बाल्कनी, एसीच्या आउटडोअर युनिटमागची फट, या सगळ्या त्याच्या कपारी. आपणच बांधून दिलेल्या.

दुसरे कारण खाण्याचे. चिमणीला पिल्ले वाढवायला किडे-अळ्या लागतात, त्यामुळे तिचा विणीचा हंगाम त्यावर अवलंबून असतो. कबुतराचे तसे नाही. नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. म्हणजे आई-बापाला पोटभर दाणे मिळाले की पिल्लांची सोय झालीच. त्यामुळे भरपूर दाणे असतील तिथे कबुतरे जवळजवळ वर्षभर अंडी घालतात. एका वेळी साधारण दोन अंडी, अठरा दिवस उबवणे, आणि पुढे महिना-सव्वा महिन्यात पिल्लू उडून जाते. तोवर बहुतेकदा पुढची अंडी तयार असतात.

आता थोडा हिशेब करू. एक कबूतर दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खाते आणि वर्षाला १० ते १२ किलो विष्ठा टाकते. कोणी गच्चीवर रोज दोन किलो ज्वारी टाकत असेल, तर ती साठ-पासष्ट कबुतरांची पूर्ण दिवसाची सोय झाली. त्या साठ कबुतरांची वर्षाची विष्ठा ६०० किलोच्या वर जाते. ती गच्चीवर, टाकीच्या झाकणावर, खालच्या मजल्यांच्या खिडक्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. वाळते, तिची पूड होते आणि वाऱ्याबरोबर घरात येते.

छातीत नेमके काय होते?

कबुतराच्या पिसांवर पिठासारखा एक बारीक थर असतो. कबूतर काचेवर आपटले तर काचेवर त्याची पांढरी छाप उमटते, ती याचीच. या पिठात आणि वाळलेल्या विष्ठेत कबुतराच्या शरीरातली प्रथिने असतात. हे कण इतके सूक्ष्म असतात की नाक आणि घसा ओलांडून थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. वायुकोश म्हणजे जिथे प्राणवायू रक्तात जातो ते छोटे फुगे.

काही लोकांच्या शरीराला ही प्रथिने शत्रू वाटतात. मग वायुकोशांच्या भिंतींना सूज येते. याला 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस' म्हणतात. हा दमा नाही आणि हा संसर्गही नाही. म्हणजे हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कबुतरे पाळणाऱ्यांमधल्या या आजाराचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९६५ सालीच प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडे मात्र आता तो न पाळलेल्या कबुतरांमुळे दिसतो.

आजाराची दोन रूपे आहेत.

पहिले रूप अचानक येणारे. जुनी खोली उघडली, कबुतरांची घाण झाडून काढली, आणि चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणे, अंग मोडून येणे. एक-दोन दिवसांत बरे वाटते. आपण 'व्हायरल झाले असेल' म्हणून सोडून देतो.

दुसरे रूप हळूहळू पोखरणारे, आणि हेच जास्त धोक्याचे. यात ताप नसतो. कोरडा खोकला असतो, जिना चढताना धाप लागते, थकवा येतो, वजन उतरते. महिन्यामागून महिने सूज राहिली की वायुकोशांच्या जागी कडक, जखमेच्या व्रणासारखा भाग तयार होतो. याला फायब्रोसिस म्हणतात. सूज औषधाने उतरते, व्रण मात्र पुसला जात नाही. या आजाराबद्दल एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

एका शिक्षिकेची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ६१. आठ महिने कोरडा खोकला. दम्याचे पंप घेऊन झाले होते, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या होत्या, थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर त्या पिशव्या घेऊन चढायच्या. आता पहिल्या मजल्यावर थांबून श्वास घ्यायच्या. "वय झालं असेल," त्या म्हणाल्या. खरे सांगायचे तर एकसष्टाव्या वर्षी पहिल्या मजल्यावर धाप लागणे हे वय नव्हे.

बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सहज सांगितली. "नाशिकला लेकीकडे पंधरा दिवस राहिले की खोकला निम्मा होतो बघा. तिकडची हवा मानवते मला. इथे आले की आठवड्यात पुन्हा सुरू."

डॉक्टरांच्या कानाला असे वाक्य फार मोलाचे असते. जागा बदलली की आजार बदलतो, याचा अर्थ कारण त्या जागेत आहे.

मी पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी श्वास घेताना चर्र चर्र असा आवाज येत होता. बीपीच्या यंत्राचा पट्टा उकलताना जसा येतो, तसा. बोटाला लावायच्या यंत्रावर बसल्या जागी प्राणवायू ९५ होता. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटे चालवल्यावर ८६ झाला. त्यांना छातीविकार तज्ज्ञांकडे पाठवले. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक कापांचा स्कॅन झाला, फुप्फुसाची क्षमता मोजली गेली. निदान झाले तेव्हा फुप्फुसांच्या खालच्या भागात व्रण पडलेले होते.

बाईंनी आयुष्यात कधी कबुतराला दाणा टाकला नव्हता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर रोज दाणे पडायचे आणि खाऊन झाले की कबुतरे यांच्या बेडरूमच्या विंडो एसीमागे येऊन बसायची. एसीच्या मागच्या खोबणीत काड्या, पिसे, विष्ठा यांचा थर होता, आणि त्याच्या फटींतून येणाऱ्या हवेत त्या रोज रात्री झोपत होत्या.

कबुतरांपासून दूर राहणे हा उपचाराचा पाया. त्यासोबत स्टेरॉइड आणि पुढे फायब्रोसिसचा वेग कमी करणारी औषधे सुरू झाली. बाईंची तब्येत स्थिरावली, पण आधीसारखी झाली नाही. त्यांनी ते घर विकले. आज त्या लेकीच्या जवळ राहतात आणि लांब चालायचे असेल तर सोबत ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर लागते. मुलांना शिकवण्यासाठी तीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंचा आवाज फोनवर दोन वाक्यांनंतर तुटतो. तो ऐकते तेव्हा माझ्या त्या शेवटच्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही.

सगळ्यांना होतो का?

नाही. एकाच घरात चार माणसे राहतात आणि एकालाच होतो. किती धूळ, किती वर्षे आणि शरीराची घडण, या तिन्हींवर ते ठरते. कोणाला होईल हे आधी सांगणारी तपासणी नाही. रक्तातील कबुतराविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी मिळते. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराची आणि कबुतरांच्या धुळीची ओळख झाली आहे, एवढेच कळते. निरोगी माणसातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून लक्षणे नसताना उगाच पैसे घालवू नका.

आणि सगळा दोष कबुतरांच्या माथी मारणेही बरोबर नाही. फुप्फुसांच्या अशा आजारांची भारतातल्या अनेक शहरांत मिळून नोंदणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. त्यांच्या घरातल्या कारणांत पक्षी होतेच, पण एअर कूलर त्यांच्याही पुढे होते. कूलरच्या ओल्या जाळ्यांवरची बुरशी, भिंतीची ओल, कुबट गाद्या यांनीही हाच आजार होतो. म्हणून खोकल्याच्या पेशंटला मी कूलर आणि ओलीबद्दलही विचारते.

कबुतरांच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी थोडक्यात. वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. निरोगी माणसाला तिचा सहसा त्रास होत नाही. पण एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना तिच्यामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. दुसरी गोष्ट खाजेची. पिल्ले उडून गेली की घरट्यातले बारीक किडे भुकेने घरात शिरतात. घरातल्या सगळ्यांना अचानक रात्री खाज सुटली आणि खिडकीबाहेर रिकामे घरटे असेल, तर आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा.

घर कसे सुरक्षित करावे?

क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण आधी जाळी लावतात आणि मग आत अडकलेल्या पिल्लांचा आवाज ऐकून हवालदिल होतात.

१. आधी पाहा. कबुतरे कुठे बसतात, कुठे घरटे करतात, कोणत्या फटीतून शिरतात हे दोन दिवस नीट पाहा.

२. नुसत्या काड्या असतील तर लगेच काढा, रोज काढा. अंडी किंवा पिल्ले असतील तर पिल्ले उडेपर्यंत थांबणे उत्तम. जास्तीत जास्त सहा-सात आठवड्यांचा प्रश्न असतो. तोवर ती खिडकी बंद ठेवा. घरात आधीच फुप्फुसाचा आजार असलेला माणूस असेल तर थांबू नका, पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला बोलवा.

३. मग स्वच्छता. विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. खराट्याने झाडणे, हातरुमालाने झटकणे, साधा व्हॅक्यूम क्लीनर लावणे, या तिन्हींमुळे तीच धूळ हवेत उडते. एन-९५ मास्क लावा. ओढणी किंवा रुमाल चालत नाही. हातमोजे, चष्मा घाला. घराची दारे-खिडक्या आणि पंखा बंद करा. साबणाचे पाणी हलके फवारा, पंधरा मिनिटे भिजू द्या, मग खरवडून दुहेरी पिशवीत भरा आणि तोंड बांधा. शेवटी दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून पुसा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. झाल्यावर आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.

४. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी हे काम करू नये. त्या दिवशी घरातही थांबू नये. आणि हे काम मास्कशिवाय कामवाल्या मावशींवर ढकलू नका. पाच घरांच्या बाल्कन्या रोज कोरड्या झाडणारी बाई तुमच्यापेक्षा पाचपट धूळ आत घेते. तिच्या खोकल्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते.

५. आता जाळी. पाच सेंटिमीटर भोकांची नायलॉनची जाळी कबुतरांना पुरते. ती ताणून, चारही बाजूंनी घट्ट बसवा. सैल जाळीत पक्षी अडकून तडफडून मरतात. एसीमागची फट बंद करा, पण एसीची हवा कोंडू देऊ नका. अरुंद छज्ज्यांवर ४५ अंशांपेक्षा जास्त उताराचा पत्रा बसवला तर कबूतर तिथे टिकत नाही.

घर स्वच्छ झाले तरी पिसांची धूळ पडदे, गाद्या, सोफ्यात महिनोन् महिने राहते. पेशंट असलेल्या घरात पडदे आणि गाद्या शक्य असेल तर बदलाव्या.

काय करू नये?

बाजारात बरेच काही मिळते. प्लास्टिकचे घुबड, लटकवायच्या सीडी, चमकत्या पट्ट्या यांना कबुतरे चार दिवसांत सरावतात. घुबडाच्या डोक्यावर बसलेले कबूतर मी स्वतः पाहिले आहे. अल्ट्रासोनिक यंत्रांचा उपयोग नाही, कारण माणसाला ऐकू न येणारे ते उंच आवाज कबुतरालाही ऐकू येत नाहीत. चिकट जेलमध्ये चिमण्या आणि शिंजीर अडकतात.

डांबरगोळ्या ठेवायचा उपाय तर घरोघरी दिसतो. तो कृपा करून बंद करा. लहान मुले त्या गोळ्या तोंडात घालतात. जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी असलेल्या मुलांमध्ये त्याने रक्तपेशी फुटतात आणि जीवावर बेतते.

विष घालणे हा तर १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि त्याने मांजर, घार, घुबड यांचाही जीव जातो.

दुकान, गोदाम, शाळा, हॉस्पिटल

घरात जे लागू आहे तेच व्यवसायाच्या जागेत मोठ्या प्रमाणावर लागू आहे. पाटीच्या मागची पोकळी, शटरवरची पेटी, पत्र्याच्या शेडचे अँगल, पाण्याच्या टाकीची उघडी झाकणे ही तपासायची ठिकाणे. धान्याच्या दुकानासमोर सांडलेले दाणे आणि हॉटेलमागचा उघडा कचरा हे रोजचे आमंत्रण असते. ते दिवसातून दोनदा उचला. गोदामात काम करणाऱ्या हमालांना साफसफाईच्या दिवशी मास्क देणे ही मालकाची जबाबदारी आहे. हॉस्पिटलमध्ये तर हवा आत खेचणाऱ्या जागेजवळ एकही घरटे असता कामा नये, कारण आत सर्वांत अशक्त माणसे झोपलेली असतात.

जाळी पुरेशी आहे का?

इथे मला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे. जाळी तुमची खिडकी वाचवते. कबुतरे शेजाऱ्याच्या खिडकीत जातात. त्याने जाळी लावली की त्याच्या शेजाऱ्याकडे. सगळ्यात शेवटी ज्याला जाळी परवडत नाही, त्याच्याकडे. कबुतरांची संख्या ठरते ती दाण्यांवर.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली. तरीही संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली, कारण मेलेल्यांची जागा नवी पिल्ले भरून काढत होती. मग १९८८ पासून लोकांना समजावून दाणे टाकणे कमी करण्याची मोहीम सुरू झाली. चारेक वर्षांत संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. दाणा कमी झाला की कबुतरे कमी अंडी घालतात आणि पांगतात.

आपल्याकडे हा प्रश्न दाण्यांचा नसून भावनेचा आहे. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली तेव्हा काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले. आंदोलन झाले, ताडपत्री फाडली गेली, प्रकरण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला फुप्फुसे. टीव्हीवर दोन्ही बाजू ओरडत होत्या. माझ्या स्वतःच्या सोसायटीतही सर्वसाधारण सभेत तेच सुरू झाले.

आमच्याकडे गच्चीवर दाणे टाकणाऱ्या ७८ वर्षांच्या एक काकू आहेत. सभेत कोणी दंड लावा म्हणाले, कोणी गच्चीला कुलूप घाला म्हणाले. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर वर्षभरापूर्वी किडनी प्रत्यारोपण झालेला एक तरुण राहतो. त्याची आईही सभेत होती. तीही गप्प होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्यांनी चहा टाकला. मी त्यांना वायुकोशांबद्दल सांगितले, सातव्या मजल्यावरच्या मुलाच्या गोळ्यांबद्दल त्याच्या आईच्या परवानगीने सांगितले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हे गेल्यापासून सकाळी साडेसहाला माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे? दाणे बंद केले तर मी उठू कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे औषध नव्हते. पण तो प्रश्न ऐकल्याशिवाय दंडाची पावती फाडणे मला योग्य वाटले नाही, आजही वाटत नाही.

आम्ही एकदम बंद केले नाही. दोन किलोंचे दीड, दीडचे एक, असे करत दोन महिन्यांत शून्यावर आलो. दाण्यांचे पैसे काकूंनी जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला द्यायला सुरुवात केली. कमिटीने गच्ची भिजवून, मास्क देऊन, नीट साफ करून घेतली. सातव्या मजल्यावरची आई आता सकाळी फिरायला जाताना काकूंची बेल वाजवते. शेवटच्या आठवड्यात कबुतरे गच्चीच्या कठड्यावर रांगेने येऊन बसायची, हे मी पाहिले आहे. काकूंना ते फार जड गेले. नंतर ती कमी झाली. पूर्ण गेली नाहीत, जाणारही नाहीत. त्यांनी जावे असेही माझे म्हणणे नाही. कपारीतल्या पारव्याइतकी ती असावीत, एवढेच.

तुमच्या सोसायटीत असे कोणी असेल तर आधी बोला. शक्यतो ज्यांचा शब्द ते मानतात अशा माणसाला पाठवा. वयस्कर माणसाचा सकाळचा एक तास काढून घेत असाल, तर त्या तासाचे काय करायचे हेही ठरवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- कोरडा खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर
- पूर्वी सहज चढत होता त्या जिन्यावर धाप लागू लागली तर
- साफसफाईनंतर काही तासांनी थंडी-ताप आला आणि असे दुसऱ्यांदा झाले तर
- गावाला गेल्यावर बरे वाटते आणि घरी आल्यावर त्रास होतो, असे जाणवले तर
- बोटांची टोके फुगून नखे गोलसर होऊ लागली तर

जाताना खिडकीतल्या कबुतरांबद्दल, कूलरबद्दल, भिंतीच्या ओलीबद्दल डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा. मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढून नेलात तर आणखी चांगले. निदान झालेल्यांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारावे आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमचा उपचार तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हायला हवा. पण आज लेख वाचून झाला की एक काम नक्की करा. घरातल्या प्रत्येक खिडकीचा बाहेरचा भाग आणि एसीची मागची बाजू एकदा डोकावून पाहा. पाच मिनिटे लागतात.

काळजी घ्या.